हेन्री गेला, त्यात डेव्हिडचा काय गुन्हा?

ताई,

प्रश्न वाचून हसाल. हसून घ्या, पण मग उत्तर द्या.

मी २६ वर्षांचा. राहायला कळव्याला, नोकरी ऐरोलीला, आयटीत. नववीत असताना, २०१३ साली, बाबांनी मला आणि बहिणीला ‘मॅन ऑफ स्टील’ दाखवायला नेलं होतं. बहीण तेव्हा पाच वर्षांची, अर्धा सिनेमा झोपून काढला तिनं. मी मात्र त्या दिवसापासून हेन्री कॅव्हिलचा. जिम लावली ती त्याच्यामुळे. खोलीत पोस्टर त्याचं. ऑफिसच्या बॅगेला किचेनही तेच.

त्याला काढून डेव्हिड कोरेन्स्वेटला सुपरमॅन केला, ते मला अजून पचलेलं नाही. २०२५ च्या जुलैत नवा सिनेमा आला, तो मी निषेध म्हणून बघितलेला नाही. बहीण मैत्रिणींबरोबर जाऊन आली आणि आता ती त्याची फॅन. परवा म्हणाली, “दादा, तुझा सुपरमॅन कधी हसतच नाही.” मी म्हटलं, तुला काय कळतं. तिथून वाजलं.

पण अबोला त्यावरून नाही. माझं एक दुसरं अकाउंट आहे, खोट्या नावाचं. डेव्हिडचा सुपरमॅनच्या कपड्यातला पहिला फोटो आला तेव्हापासून मी त्याच्या फोटोंखाली लिहितोय. काय ते इथे सांगण्यासारखं नाही. त्याच्या घरच्यांबद्दलही लिहिलंय. बहिणीनं ते माझ्या फोनवर बघितलं. आठवडा झाला, बोलत नाही. आईला अजून सांगितलेलं नाही, पण सांगेल.

पुढच्या महिन्यात वाशीला मामाकडे सगळी भावंडं जमणार आहेत आणि मोठ्या टीव्हीवर हाच सिनेमा लावायचा बेत आहे. मी बसू का? बसलो तर हेन्रीशी गद्दारी होईल का? आणि खांद्यावर सुपरमॅनचा टॅटू काढायचं कधीचं मनात आहे. काढू की नको?

— लाल चड्डीविरोधी, कळवा

हसले रे, पण तुझ्या सहीला. प्रश्नाला नाही.

चौदाव्या वर्षी जो मनात बसतो तो बसतो, त्याला इलाज नाही. आणि मराठी माणसानं तर या दुखण्याला हसूच नये. गडकरी रंगायतनला एखादं गाजलेलं नाटक नव्या संचात लागू दे, मध्यंतरात वड्याच्या रांगेत उभा राहा आणि नुसतं ऐक. “काम बरं करतोय हो, पण आम्ही लागूंचं बघितलंय ना...” म्हणणारे एक काका हमखास मागे-पुढे असतात. हातात बशी, चष्मा कपाळावर, आणि शेजारी कुणी तरुण उभा आहे असं दिसलं की आवाज मुद्दाम थोडा वर. १९७० साली ‘नटसम्राट’ आलं आणि डॉ. श्रीराम लागूंनी अप्पा बेलवलकर असा काही उभा केला, की पुढे दत्ता भट आले, सतीश दुभाषी आले, यशवंत दत्त आले, त्या प्रत्येकाला आधी लोकांच्या कानातल्या त्या आवाजाशी झुंजावं लागलं. तरी ज्यांनी पहिल्यांदा भटांचा प्रयोग बघितला त्यांना भटांचेच अप्पा खरे वाटले. आमच्या घरात यावरून दोन पार्ट्या होत्या आणि दोन्ही पार्ट्यांनी एकमेकींचं शेवटपर्यंत काही ऐकलं नाही.

त्या काकांचं एक मला आवडतं पण. ते तिकीट काढून आलेले असतात. बघतात, नाक मुरडतात, आणखी एक वडा घेतात आणि घंटा झाली की परत आपल्या खुर्चीत. तू सिनेमा न बघता त्या पोराला शिव्या घालतोयस.

तुझा राग मात्र खोटा नाही, हे मला आधी म्हणू दे. हेन्रीला वागवलं ते वाईटच वागवलं. तू पत्रात लिहिलंस त्याहून वाईट. २०१३ नंतर त्याच्या एकट्याचा सुपरमॅन सिनेमा पुन्हा झालाच नाही. २०१६ मध्ये बॅटमॅनशी भांडायला लावला आणि शेवटी मारून टाकला, २०१७ मध्ये ‘जस्टिस लीग’साठी उठवला. त्यातही काही प्रसंग नव्यानं शूट करायची वेळ आली तेव्हा हा गडी ‘मिशन इम्पॉसिबल’साठी मिशी राखून बसलेला. ती काढायला तो दुसरा स्टुडिओ परवानगी देईना, म्हणून मिशी कॉम्प्युटरवर पुसली, आणि इतक्या देखण्या माणसाचा वरचा ओठ रबरी बाहुल्यासारखा दिसायला लागला. लोकांनी हसून हसून जीव सोडला. हसू झालं ते त्याचं, चूक करणाऱ्यांचं नाही.

मग २०२२ चा ऑक्टोबर. ‘ब्लॅक ॲडम’च्या अगदी शेवटी तो क्षणभर दिसला, आणि स्टुडिओनं सांगितलं म्हणून त्यानं जाहीर केलं की मी परत आलोय. त्याच आठवड्यात बातमी आली की आता सुपरमॅन-बॅटमॅनच्या सिनेमांचा सगळा कारभार जेम्स गन आणि पीटर सॅफ्रन या दोघांकडे जातोय. डिसेंबरच्या मध्यावर त्यालाच पुन्हा लिहावं लागलं की नाही, मी येत नाही. दोन महिनेही धड झाले नव्हते. ‘ये’ म्हणणारे वेगळे, ‘येऊ नको’ म्हणणारे वेगळे, आणि जगासमोर तोंडघशी पडला तो हा. गननं कारण दिलं की त्याला सुपरमॅनच्या तरुणपणाची गोष्ट सांगायचीय. कारण पटण्यासारखं आहे. पद्धत मला आजही पटत नाही.

आता सांग, या सगळ्यात डेव्हिड कुठे आहे?

कुठेच नाही. त्याची निवड झाली २०२३ च्या जूनमध्ये, म्हणजे खुर्ची रिकामी होऊन सहा महिने झाल्यावर. तीही कुणाच्या ओळखीनं नाही, ऑडिशन देऊन, स्क्रीन टेस्ट देऊन. त्याच भूमिकेसाठी निकोलस होल्टनंही टेस्ट दिली होती. त्याला सुपरमॅन मिळाला नाही, खलनायक लेक्स लुथर मिळाला, आणि तो गुमान टक्कल करून कामाला लागला. (त्याआधी बॅटमॅनसाठीही तो असाच अगदी दारापर्यंत जाऊन परत आला होता. रुसायचा हक्क कुणाला असेल तर या माणसाला.)

तू आयटीत आहेस म्हणून तुझ्या भाषेत सांगते. तुमच्या लाडक्या लीडला प्रोजेक्टवरून रिलीज केलं, बेंचवर बसवलं, आणि काही महिन्यांनी त्याच्या जागी नवा मुलगा आला. राग डिलिव्हरी हेडचा असतो, एचआरचा असतो. पण त्यांच्यापर्यंत कुणाचा हात पोचत नाही, आणि हा नवा तर रोज समोर बसलेला. मग त्याला केटी, म्हणजे कामाची माहिती, अर्धवट द्यायची, लंचला हाक मारायची नाही, कॉलवर तो अडखळला की एकमेकांना पिंग करून हसायचं. ऐरोलीच्या कॅन्टीनमध्ये हे तू बघितलं असशीलच. केलं नसशील, असं मी धरून चालते.

आणि तुझा हेन्री स्वतः काय आयता आला होता? २००६ मध्ये जो सुपरमॅन आला त्याच्या आधी, जुन्या एका आराखड्याच्या वेळी, हेन्रीनंही सुपरमॅनसाठी टेस्ट दिली होती. तो आराखडा बारगळला, दिग्दर्शक बदलला, आणि भूमिका गेली ब्रँडन राउथकडे. त्याच सुमारास बाँडही असाच हातातून निसटला, डॅनियल क्रेगला मिळाला. पुढे २०११ मध्ये सुपरमॅन मिळाला तेव्हा लोक म्हणाले, अमेरिकेचा एवढा मोठा हिरो, आणि ब्रिटिश माणूस? त्या वेळी राउथचेही चाहते असतीलच की. एकाच सिनेमानंतर त्याला घरी बसवलं होतं. त्यांनी हेन्रीच्या फोटोखाली काय लिहिलं असेल, याचा विचार तू कधी केलायस? बाय द वे, ‘मॅन ऑफ स्टील’चा दिग्दर्शक झॅक स्नायडरचा फोन आला तेव्हा हेन्री कॉम्प्युटरवर गेम खेळत होता आणि तो फोन त्यानं उचललाच नाही, हे त्यानंच सांगितलंय. तुझ्या आईला सांगू नकोस हे.

या लोकांच्या बाबतीत पब्लिकचा अंदाज किती चुकतो याची यादी मोठी आहे, थोडक्यात उरकते. मायकेल कीटनला बॅटमॅन केला तेव्हा विनोदी नट म्हणून बोंब झाली, स्टुडिओकडे निषेधाची ५० हजारांच्या आसपास पत्रं गेली असं सांगतात. १९८९ मध्ये सिनेमा आला, आणि २०२३ मध्ये तोच म्हातारा होऊन परत दिसला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. हीथ लेजर जोकर होणार म्हटल्यावर नाकं मुरडली होती. ऑस्कर मिळालं तेव्हा ते घ्यायला तो जिवंत नव्हता. पण म्हणून नवा आला की चांगलाच निघतो असंही काही नाही. १९९७ चा जॉर्ज क्लूनीचा बॅटमॅन बघ. तो माणूस त्याबद्दल अजून माफी मागत फिरतो. तेव्हा डेव्हिड चांगला आहे असं तुला पटवायचा माझा बेत नाही. बघ आणि वाईट म्हण. माझी हरकत नाही.

मला स्वतःला या बाबतीत स्पायडरमॅनवाल्यांनी जे केलं ते फार आवडलं. टोबी मॅग्वायर तीन सिनेमे करून गेला, अँड्र्यू गारफील्डला दोनच सिनेमांनंतर बाजूला केलं, मग टॉम हॉलंड आला. तिन्ही टोळ्या एकमेकींच्या उरावर बसलेल्या. आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये तिघे एकाच सिनेमात! भाच्यानं मला ओढत नेलं होतं. अँड्र्यू मुखवटा काढतो तिथे ठाण्याच्या त्या मल्टिप्लेक्समध्ये असा काही गलका झाला की पुढचे दोन संवाद कुणालाच ऐकू आले नसतील. माझ्या शेजारचा पोरगा टॉमचा टीशर्ट घालून आला होता आणि खुर्चीवर चढून अँड्र्यूसाठी शिट्ट्या मारत होता. आधीच्या सिनेमात अँड्र्यूला त्याची प्रेयसी वाचवता आली नव्हती. इथे टॉमची मैत्रीण खाली कोसळते आणि अँड्र्यू तिला झेलतो, मग त्याचा चेहरा बघ. सात वर्षं बाहेर बसलेल्या नटाला एवढं मिळालं, आणि त्यासाठी टॉमचं काहीही काढून घ्यावं लागलं नाही.

दुसरं टोकही आहे. चॅडविक बोजमन २०२० च्या ऑगस्टमध्ये कॅन्सरनं गेला, ४३ व्या वर्षी. त्याच्या जागी ब्लॅक पँथर म्हणून दुसरा कुणी उभा करायचा नाही असं त्यांनी ठरवलं. २०२२ च्या सिनेमात ब्लॅक पँथरचा, म्हणजे राजा टचालाचा, मृत्यूच गोष्टीत घेतला आणि तो वेश त्याच्या बहिणीनं चढवला. तिथे उलट काही चाहत्यांनीच मोहीम चालवली की नवा नट घ्या, राजा टचाला असा संपवू नका, आमच्या पोरांना तो हवाय. कोण बरोबर? मला आजही ठरवता आलेलं नाही. पण तो खरा शोक होता, माणूस गेल्याचा. तुझा हेन्री ठणठणीत आहे. वॉरहॅमर नावाच्या ज्या खेळाचं त्याला लहानपणापासून वेड, त्याच्यावर आता मालिका-सिनेमे करायचं काम त्याच्याकडे आलंय. तू सुतक पाळतोयस आणि ज्याचं पाळतोयस तो मजेत आहे.

गद्दारीचं उत्तर यातच आलं. डिसेंबर २०२२ च्या त्या निरोपातही त्यानं गनला आणि त्याच्या मंडळींना शुभेच्छाच दिल्या होत्या. जाऊन वाच.

आता बहीण.

ती सुपरमॅनवरून रुसलेली नाही, हे तुलाही माहीत आहे, नाहीतर ‘अबोला त्यावरून नाही’ असं तू लिहिलं नसतंस. पण मग कशावरून, ते तुला नीट कळलंय असं मला वाटत नाही. ती सतरा-अठरा वर्षांची मुलगी आहे. फोटो टाकते, मैत्रिणी टाकतात. त्या फोटोंखाली कोण काय लिहितं ते तू तिला कधी विचारलं नसशील आणि तिनं आपणहून सांगितलं नसेल. चेहरा नाही, नाव खोटं, आणि लिहिलेलं असं की वाचून फोन पालथा ठेवावा. या वयाच्या मुलींना अशा अकाउंटांची इतकी सवय असते की त्यामागे कोण असेल याचा विचार त्या सोडून देतात. असेल कुणी विकृत, कुठेतरी लांबचा. तिला त्या दिवशी कळलं की त्यातलं एक अकाउंट आपल्याच घरात चालतं, पलीकडच्या खोलीतून, पोस्टरखाली बसून. ज्याचा हात धरून ती थिएटरात गेली होती तो दादा. म्हणून ती बोलत नाही. काय बोलावं हे तिलाच कळत नसेल.

तेव्हा अकाउंट गुपचूप बंद करून मोकळा होऊ नकोस. तिला बोलाव, फोन तिच्या समोर धर आणि एकेक कमेंट तिच्यासमोर काढ. मग अकाउंट. ‘सगळेच लिहितात’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. ‘तो कुठे वाचतोय’ हेही नाही, कारण वाचलं ते तिनं. ‘आईला सांगू नको’ अशी अट तर अजिबात घालू नकोस. आईला तूच सांग, तिच्या आधी. डेव्हिडला माफीचा मेसेज पाठवायच्या फंदात पडू नकोस. त्याच्यापर्यंत तो पोचणार नाही आणि तुला उगाच वाटेल की आपण काहीतरी केलं. त्या दिवशी ती बोलली नाही तर नाही बोलली. आठवड्याचा अबोला पाच मिनिटांत सुटावा अशी घाई करू नकोस.

मामाकडे जा. बस. सिनेमा दोन तास नऊ मिनिटांचा आहे. तेवढा वेळ हेन्रीचं नाव घ्यायचं नाही आणि सुस्कारेही टाकायचे नाहीत. सुस्कारे भावंडांना बरोबर ऐकू येतात. लाल चड्डीबद्दल एक ऐकून ठेव, म्हणजे पहिल्याच फ्रेमला तोंड वाकडं होणार नाही. ती ठेवायची की नाही हे बरेच दिवस ठरत नव्हतं. गननं सांगितलंय की डेव्हिडचा एक मुद्दा त्याला पटला: डोळ्यांतून आग सोडणारा, परग्रहावरून आलेला हा माणूस, त्याला पोरांनी आपल्याला घाबरू नये असं वाटतं, मग तो असलेच रंगीबेरंगी कपडे घालणार ना? तुझ्या हेन्रीला चड्डी नव्हती, आणि पोरं त्याला जरा बिचकायचीच. मला तो मुद्दा पटला. तुला नाही पटला तरी बघून मग भांड. आणखी एक सूचना, निव्वळ घरगुती. आपल्याकडे थिएटरात सेन्सॉरनं त्यातलं ३३ सेकंदांचं चुंबन कापलं होतं. टीव्हीवर ते असलं तर मामींसमोर पाणी प्यायला उठायची तयारी ठेव.

सिनेमा झाल्यावर आवडला नाही तर सरळ सांग, काय आवडलं नाही ते सांग. बहिणीला तेच हवं असेल, कुणीतरी बघून भांडणारं. आणि तिच्या त्या वाक्याला तुझ्याकडे उत्तर आहे, ते तू रागाच्या भरात विसरलास. ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये बर्फात तो पहिल्यांदा उडायला शिकतो, आधी उड्या मारतो, आपटतो, आणि मग खरंच उडतो, तो प्रसंग लाव. तेवढाच, मागे-पुढे भाषण न देता. तिथे हेन्री हसतो, लहान पोरासारखा हसतो. तिनं बहुतेक तो भाग झोपेत घालवला असणार.

राहिला टॅटू. काढायचाच असेल तर ‘एस’ काढ, चेहरा काढू नकोस. ‘एस’ १९३८ पासून चाललाय, पडद्यावर तो १९४८ मध्ये कर्क ॲलिननं छातीवर लावला, मग जॉर्ज रीव्ह्ज, ख्रिस्तोफर रीव्ह, राउथ, हेन्री, डेव्हिड, आणि २०२७ च्या जुलैत पुढचा भाग जाहीर झालेला आहे. चेहऱ्याचं काय, टॅटूवाल्याचा हात हलला तर हेन्रीचा कोण होईल सांगता येत नाही, आणि मिशीचं झालं ते पुरे झालं. आईची परवानगी मात्र आधी घे. फक्त अकाउंटचं ज्या दिवशी सांगशील त्याच दिवशी टॅटूचं काढू नकोस.